जिवंत घास

मृग नक्षत्र लागले की महाराष्ट्रातला शेतकरी आभाळाकडे पाहतो. हैदराबादेतली मराठी गृहिणी मात्र, निदान माझ्या लहानपणी तरी, दाराकडे पाहत असे. मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी काचीगुडा स्थानकात लागली, की जालना, परभणी, पूर्णा, नांदेड येथून आलेली मंडळी हातात पिशवी आणि छातीत घरघर घेऊन सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांतील नातलगांच्या घरी उतरत. आमच्या घरी त्यांना ‘माशाचे पाहुणे’ असे नाव पडले होते. दोन दिवसांचा मुक्काम, एका पहाटे दूधबावलीची रांग, आणि परतीच्या गाडीआधी चारमिनारवर बांगड्यांची खरेदी असा त्यांचा ठरलेला क्रम असे.

हैदराबादेत ज्यांची हयात गेली त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही; परंतु ही स्मरणिका इंदूर-बडोद्यापर्यंत जाते, म्हणून थोडे सांगतो. मृगाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ७ किंवा ८ जूनच्या सुमारास, जुन्या शहरातील एक कुटुंब दम्याच्या रुग्णांना विनामूल्य एक पिवळसर लगदा देते. दोन-तीन इंच लांबीच्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात तो लगदा भरायचा आणि मासा तसाच, हालचाल करीत असताना, रुग्णाच्या घशात सोडायचा. लागोपाठ तीन वर्षे हे करायचे आणि प्रत्येक वेळी ४५ दिवस पथ्य पाळायचे. १८४५ साली एका साधूने या घराण्याच्या पूर्वजाला ही विद्या दिली आणि तिचा मोबदला न घेण्याचे वचन घेतले, असे सांगितले जाते. ज्यांना मासा वर्ज्य आहे त्यांना तोच लगदा गुळातून मिळतो.

आम्ही देशस्थ. आजीच्या स्वयंपाकघरात अंड्याचे नाव घेण्याचीही सोय नव्हती. तेव्हा १९७८ च्या जूनमध्ये, माझ्या वयाच्या आठव्या वर्षी, मला गुळाची गोळी मिळणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. आदल्या रात्री मात्र आजीने जाहीर केले, की मासाच द्यायचा. आई रडकुंडीला आली, वडिलांनी वर्तमानपत्रात डोके घातले. आजी म्हणाली, “गुळानं गुण येतो, नाही असं नाही, पण सावकाश येतो म्हणतात. पोराला रात्र रात्र बसवून ठेवायचं आता माझ्यानं होत नाही. औषधाला विटाळ नसतो.” हा युक्तिवाद धर्मशास्त्रात कितपत बसतो ते मला ठाऊक नाही. परंतु त्या बाईने मागची दोन वर्षे मला मांडीवर टेकवून, पाठ चोळत, कित्येक रात्री पहाटेपर्यंत काढल्या होत्या. त्या काळी आमच्या डॉक्टरांकडे एफेड्रीनच्या गोळ्या होत्या, डेरीफिलीनचे इंजेक्शन होते, आणि फारच झाले तर अ‍ॅड्रेनलीन. यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हते.

रांगेचे मला फारसे आठवत नाही. आठवतो तो एका स्वयंसेवकाचा दाढीवाला चेहरा आणि त्याचे दखनी बोलणे: “मुँह खोल बेटा, दाँत नक्को लगा, सीधा निगल जा.” कोणीतरी नाक दाबले. एक थंड, बुळबुळीत, उग्र वासाचा जीव जिभेवर आला, त्याची शेपटी टाळ्यावर दोनदा आपटली आणि मग अंगठ्याच्या एका रेट्याने तो घशाखाली गेला. आत काहीतरी हलते आहे असे मला संध्याकाळपर्यंत वाटत राहिले. घरी येताच आजीने मला आणि स्वतःलाही न्हाऊ घातले, देवापुढे दिवा लावला, आणि कणकेच्या गोळ्या करून जवळच्या देवळाच्या कुंडातील माशांना घालून आली. पुढच्या दोन्ही वर्षी तिने हेच केले.

माझा दमा बाराव्या वर्षापर्यंत गेला. आजी १९९१ साली गेली तोपर्यंत त्याचे श्रेय निर्विवादपणे मरळीचे होते. मी तेव्हा वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मला सर्व काही समजू लागले आहे असा माझा ग्रह होता. तरीही तिच्यापुढे तोंड उघडण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

आज मला त्या यशाचे गणित मांडता येते. श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोन वेगळ्या वाटा आहेत. मासा वळवळत खाली जाताना छातीतला कफ खरवडून नेतो, ही समजूत शरीररचनेच्या पहिल्याच धड्यात निकालात निघते. मासा खरोखर श्वासमार्गात गेला तर काय होते, याच्या नोंदीही आपल्या वैद्यकीय साहित्यात आहेत: तळ्यात हाताने मासे पकडताना एक मासा दातांत धरून दुसऱ्याच्या मागे लागलेली मुले गुदमरून रुग्णालयात आणली गेली आहेत. ते काही दम्यावरचे औषध नव्हे. मग गुण कशाचा? बालदम्याचा स्वतःचा एक प्रवास असतो. बऱ्याच मुलांच्या श्वासनलिका वाढत्या वयाबरोबर रुंद होतात आणि दम्याची लक्षणे पौगंडावस्थेपर्यंत ओसरतात. आठव्या वर्षी सुरू केलेला कोणताही तीन वर्षांचा उपाय, मग तो मासा असो, ताईत असो वा नवस असो, अकराव्या वर्षी यशस्वी ठरण्याची शक्यता चांगलीच असते. शिवाय माणूस उपायाकडे धावतो तो रोग शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेनंतर उतारच असतो. ज्यांना गुण आला नाही ते पुढच्या वर्षी रांगेत येऊन तसे सांगत बसत नाहीत.

विज्ञानवादी संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला, वाद न्यायालयापर्यंत गेले आणि हळूहळू ‘औषध’ हा शब्द मागे पडून ‘प्रसादम’ हा शब्द रूढ झाला. शासनाच्या मत्स्य खात्याकडून पिल्ले पुरवली जातात, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर मांडव पडतात, जादा बसगाड्या सुटतात. महामारीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे खंड पडला. २०२३ पासून पुन्हा रांगा लागल्या. मी दरवर्षी मे महिन्यात पालकांना एवढेच सांगत आलो: जायचे तर जा, पण पंप बंद करू नका.

एका पालकांनी तो बंद केला. २०१८ सालची गोष्ट. मुलगी सात वर्षांची, काचीगुड्यातील मराठी घरातली, माझ्याकडे दोन वर्षे येत होती. स्टिरॉइडच्या पंपावर आणि स्पेसरवर तिचा दमा उत्तम आटोक्यात होता. जूनमध्ये तिला मासा दिला. पंप थांबवा असे तिथे कोणी सांगितले नव्हते, हे मी तिच्या आईला दोनदा विचारून घेतले. तो सल्ला नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा होता: पथ्याचे ४५ दिवस ‘इंग्रजी’ औषध पोटात गेले तर गुण मारला जातो म्हणे. पंपातले औषध पोटात नव्हे, छातीत जाते हे त्यांना सांगणार कोण! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असताना, रात्री अडीच वाजता मला फोन आला. मी पोहोचलो तेव्हा मुलगी पुढे वाकून बसली होती, ओठ निळसर, प्राणवायूचे प्रमाण ८६, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर आवाजच नाही. ज्यांनी ही शांत छाती ऐकली आहे त्यांना तिची भीती सांगायला नको. घरघर ऐकू येत असते तोपर्यंत हवा निदान आत-बाहेर जात असते. प्राणवायू, वीस-वीस मिनिटांनी साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम, शिरेतून स्टिरॉइड, शेवटी मॅग्नेशियम. पहाटे पाचच्या सुमारास घरघर परत आली. त्या घरघरीइतके सुश्राव्य संगीत मी आयुष्यात ऐकलेले नाही.

तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बिस्किट खात होती. आई-वडील शरमेने माझ्याकडे पाहत नव्हते, आणि मी काय बोलावे याची मनात जुळवाजुळव करीत होतो. तेवढ्यात तिने विचारले, “डॉक्टरकाका, तो मासा माझ्या पोटात किती वेळ जिवंत होता?”

मी चाळीस वर्षांपूर्वी तोच मासा गिळला होता. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी काहीतरी उत्तर दिले: पोटात आम्ल असते, फार वेळ नसेल. तिने दुसरा प्रश्न टाकला, “त्याला दुखलं असेल?” मी म्हणालो, “माहीत नाही गं.” हे उत्तर प्रामाणिक होते, परंतु त्यात पळवाटही होती, आणि घरी जाताना ती मला बोचत राहिली.

कारण हा प्रश्न आपल्या शाखेने एकदा सोडवलेला आहे, आणि आधी तो बराच काळ चुकीचा सोडवलेला होता. १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकांवरील शस्त्रक्रिया जगातील नामांकित केंद्रांतही जुजबी भुलीवर केल्या जात. स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड, बस्स. यामागे तर्क असा होता: बाळाच्या मज्जातंतूंवरचे आवरण अपुरे असते, मेंदूचे बाह्यांग अपरिपक्व असते, त्याची हालचाल ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि त्याला पुढे काही आठवत नाही. भुलीचा धोका मात्र खरा, तेव्हा ती टाळलेली बरी. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. कंवलजीत आनंद हे ऑक्सफर्डला संशोधन करीत होते. शस्त्रक्रियेहून परतणारी बाळे इतकी खालावलेली का असतात, हे त्यांना कोडे पडले. त्यांनी बाळांच्या रक्तातील तणावाची संप्रेरके मोजली. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा अभ्यास छापला: ज्या बाळांना फेन्टॅनिल दिले त्यांची संप्रेरके फारशी उसळली नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. बाळ बोलत नव्हते, पण त्याचे रक्त बोलत होते. त्यानंतरही बदल सावकाशच झाला. मी एम.डी. करीत होतो तेव्हासुद्धा बाळाच्या टाचेत सुई खुपसताना साखरेच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर ठेवावेत एवढी साधी गोष्ट आम्हाला कोणी शिकवली नव्हती, आणि आम्ही ती विचारलीही नाही. किती टाचा मी तशाच टोचल्या, याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

माशाच्या बाबतीतला वाद वाचायला घेतला तेव्हा मला या जुन्या तर्काची तीच वाक्ये पुन्हा भेटली. माशाला नवबाह्यांग नाही, म्हणजे वेदनेची जाणीव नाही. जे दिसते ती प्रतिक्षिप्त क्रिया. याउलट २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या चेहऱ्यावर इजा ओळखणारे मज्जाग्राहक आहेत हे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा अ‍ॅसेटिक आम्ल टोचलेले मासे तळाशी डुलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले, आणि ते खाण्याकडे बऱ्याच उशिरा वळले. मॉर्फीन दिल्यावर हे वर्तन कमी झाले. हा वाद मिटलेला नाही. माशाची वेदना म्हणजे माणसाची वेदना असे मी म्हणणार नाही. परंतु ‘तो बोलत नाही, म्हणून त्याला दुखत नाही’ या वाक्यावर बालरोगतज्ज्ञाने तरी फार भरवसा ठेवू नये. आपले सगळे रुग्ण न बोलणारेच असतात.

आता एक कबुली. २०१४ साली एका परिषदेच्या निमित्ताने मी आणि सौभाग्यवती सोलला गेलो होतो. तेथील एका बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला नोर्यांगजिनच्या मासळीबाजारात नेले. काचेच्या टाक्यांत हवे ते जीव पोहत असतात. बोट दाखवायचे, की वरच्या मजल्यावर ताट येते. त्यांनी सान-नाक्जी मागवली. लहान अष्टपादाचे ताजे कापलेले तुकडे, वर तिळाचे तेल आणि मीठ, आणि ताटलीत सगळे तुकडे वळवळत असलेले. यजमानांनी खुलासा केला, की प्राणी मेलेला आहे, केवळ भुजा हलताहेत. यात तथ्य आहे. अष्टपादाच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोनतृतीयांश भुजांमध्येच असतात, त्यामुळे तोडलेली भुजाही काही काळ आपला कारभार पाहते. नीट चावून खा, नाहीतर चूषक घशाला चिकटतात आणि माणसे गुदमरतात, अशी सूचनाही मिळाली. मी हात जोडले आणि जरा ताठ्यानेच म्हणालो, की आमच्या संस्कृतीत जिवंत प्राणी तोंडात घालण्याची कल्पनाही कोणी करू शकत नाही.

सौभाग्यवती मालवणच्या. त्यांनी शांतपणे एक तुकडा चावीत मराठीत विचारले, “अहो, आणि तुमची ती मरळ?”

मला तो किस्सा यजमानांना इंग्रजीत सांगावा लागला. ते हसतील अशी माझी अपेक्षा होती. ते हसले नाहीत. त्यांनी सांगितले, की त्यांच्या आजीच्या पिढीत गोवराच्या मुलांना ओढ्यातील चिंगाट वाटून त्याचा कच्चा रस पाजत. त्या रसातून फुप्फुसातील पर्णकृमी मुलांच्या शरीरात शिरत; ताप उतरे, आणि पुढे रक्ताची थुंकी सुरू होई. आपल्याकडे मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत कच्च्या वा अर्धवट भाजलेल्या खेकड्यांतून हाच कृमी येतो आणि कित्येक रुग्णांवर क्षयाचे उपचार होत राहतात; निदान झाले तर प्राझिक्वाँटेलच्या दोन-तीन दिवसांत काम भागते. म्हणजे जे आजीने माझ्यासाठी केले, तेच कोरियातील आज्यांनी केले होते. माझे नशीब चांगले एवढाच फरक. मरळ या बाबतीत सोवळी नाही. थायलंडमध्ये ग्नॅथोस्टोमा नावाचा कृमी माणसात शिरतो तो बहुधा याच जातीच्या कच्च्या माशांतून. त्याची अळी त्वचेखाली भटकते, क्वचित डोळ्यात, मेंदूत जाते. कच्च्या माशातील कृमी मारायचा तर शिजवणे किंवा गोठवणे हे दोनच भरवशाचे मार्ग. हॉलंडमध्ये कच्चे हेरिंग आवडीने खातात, परंतु अ‍ॅनिसाकिस आढळल्यावर ते आधी गोठवण्याची सक्ती १९६८ साली झाली. जिवंत मासा तर व्याख्येनेच ना शिजलेला, ना गोठलेला.

परतीच्या विमानात आमच्यात जुंपली. माझे म्हणणे, शिजवून खाणे वेगळे, तडफडता जीव ताटात घेणे वेगळे. त्यांचे म्हणणे, तुम्हा घाटावरच्यांना दृश्याचा त्रास होतो, वेदनेचा नव्हे. त्यांच्या माहेरी कुर्ल्या जिवंतच आणतात, आणि रश्श्यात पडण्यापूर्वी त्यांचे डेंगे मोडले जातात. तिसऱ्या तर उकळत्या वाफेतच तोंड उघडतात. ट्रॉलरच्या जाळ्यातला बांगडा डेकवर गुदमरत मरतो, त्याला किती वेळ लागतो हे कोणी मोजत नाही, कारण तो ताटात येतो तेव्हा शांत असतो. मला उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात आले, की जपानात इकिझुकुरी नावाची पद्धत आहे, ज्यात जिवंत माशाचे काप काढून तो तोंड हलवत असतानाच मांडतात. आणि त्याच जपानात इकेजिमे नावाचीही पद्धत आहे, ज्यात माशाच्या मेंदूत टोचा मारून त्याला क्षणात संपवतात आणि मग पाठीच्या कण्यात बारीक तार घालतात. हेतू दयेचा नसतो, मांस चांगले राहावे हा असतो. तरी मरण वाट्याला यायचेच असेल, तर माशाने कोणते मागावे? रामनगरच्या बाजारात मी एका रविवारी उभा राहून पाहिले. मरळ वरची हवा श्वासात घेऊ शकते, म्हणून ती टोपल्यात तासन् तास जिवंत राहते, आणि म्हणूनच ताजेपणाची खूण म्हणून जिवंत विकली जाते. तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्यमासा केले. चिवटपणा हा तिचा गुण, आणि त्याचीच तिला शिक्षा.

जपानी लोकांची आणखी एक गोष्ट मला आजीजवळ घेऊन गेली. सम्राट तेन्मूने ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली, मासा मात्र मोकळा ठेवला. मोकळा ठेवला तरी ऋण नाकारले नाही: शिमोनोसेकीसारख्या बंदरात फुगू माशांसाठी आजही स्मृतिविधी होतो. आजीच्या कणकेच्या गोळ्या याच जातीच्या होत्या असे मला वाटते. अमेरिकेत १९३९ साली हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने पैजेखातर जिवंत गोल्डफिश गिळला आणि त्या वसंतात विद्यापीठा-विद्यापीठांत मासे गिळण्याची साथ पसरली. तिथे ना आजार होता, ना भूक, ना गोळ्या.

कायदे आता हळूहळू या पाण्यात उतरत आहेत. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून लॉब्स्टरला बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकण्यास मनाई केली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडा, लॉब्स्टर, अष्टपाद यांना संवेदनशील जीव मानले. कालवे आणि तिसऱ्या अजून बाहेर आहेत. आपला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा व्याख्येत सर्वांत उदार आहे: माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी त्यात येतो, म्हणजे मरळही. अन्नासाठी मारण्यास सूट आहे, मात्र अनावश्यक क्लेश होता कामा नये. धर्माच्या रीतीनुसार मारण्यासही सूट आहे. आता आमच्या मृगाच्या माशाला कुठे बसवायचे? औषध म्हणावे, तर दमा बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करू नये असे औषध नियमांचे परिशिष्ट सांगते. अन्न म्हणावे, तर दोन इंचांच्या पिल्लाने पोट भरत नाही. प्रसाद म्हटले, की सगळेच प्रश्न थांबतात. हा शब्द ज्याने निवडला त्याच्या चातुर्याला माझा नमस्कार.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर शिजवलेल्या माशाबद्दल मला कोणालाही काही सांगायचे नाही. माझ्या घरात आठवड्यातून दोनदा तो शिजतो आणि मी माझी आमटी शेजारी घेऊन बसतो. परंतु ज्या उपायाने आजार हटत नाही, त्यासाठी एक जीव तडफडत गिळणे हा त्या जिवाच्या दृष्टीने निव्वळ तोटा आहे, आणि पंप बंद झाला तर मुलाच्याही. आजीला मी दोष देत नाही. तिच्याजवळ पंप नव्हता. आमच्याजवळ आहे.

त्या मुलीला पुढच्या वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, घरच्यांनी पुन्हा मैदानावर नेले. या वेळी पंप पिशवीत होता, हे वडिलांनी मला आधीच सांगितले होते. कूपन काढले, पॉलिथीनच्या पिशवीत पाणी आणि पिल्लू घेतले, दोन तास रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा तिने तोंड मिटून घेतले ते उघडलेच नाही. स्वयंसेवकाने गुळाची गोळी देऊ केली. ती तिने खाल्ली, पण पिशवी काही सोडली नाही. मासा घरी आला आणि गच्चीवरील सिमेंटच्या हौदात राहिला. डासांसाठी महापालिकेने सोडलेले गप्पी मासे त्या हौदात आधीपासून होते.

ऑक्टोबरमध्ये ती तपासणीला आली. पीक-फ्लोची नळी जोरात फुंकली, काटा वर्षभरातील सर्वोत्तम आकड्यावर गेला. मी शाबासकी दिली, पण तिचे लक्ष नव्हते. चेहरा रागाने लाल होता.

“डॉक्टरकाका, त्यानं सगळे गप्पी खाल्ले. जिवंतच!”

वडील हसू दाबत होते. मी वहीत पुढची तारीख लिहिली आणि मासा आता केवढा झाला आहे ते विचारले. तिने दोन्ही हात पसरून दाखवले ते जरा जास्तच होते.